स्मरणिकेतलं एक वाक्य

३ ऑगस्ट

प्रिय धाकट्या,

या नावाने तुला आता कोण हाक मारत असेल, देव जाणे. तुझीही साठी उलटून गेली असेल. पण माझ्या डोळ्यांपुढे अजून तोच तू आहेस, परांचीवर उभा राहून शीळ घालणारा आणि खालून दादा ओरडला की शीळ तशीच ओठांत धरून ठेवणारा.

दादा गेला रे. गेल्या महिन्याच्या बारा तारखेला, दुपारचा चहा पिता पिता. कप बशीत नीट ठेवला आणि मान टेकली. थेंबसुद्धा सांडला नाही. वहिनी म्हणाल्या, "काम करायचे तसेच गेले. मागे राडा नाही." तुला कळवायचं तर पत्ता कुणाकडेच नव्हता. परवा त्याच्या थोरल्या पोरीला टेबलाच्या खणात एक जुनं पाकीट सापडलं, त्यावर मागे तुझा पत्ता होता. पाकीट फोडायचंही राहून गेलेलं. कामाच्या रगाड्यात त्याचं असंच व्हायचं.

आता कामाचं. शाळेच्या सभागृहाला दादाचं नाव द्यायचं ठरलंय. नोव्हेंबरात कार्यक्रम, आणि त्या दिवशी एक स्मरणिका. मुख्य लेख मी लिहायचा. दुसरं कोण लिहिणार? एका बाकावर बसलो आम्ही. मी त्याच्याहून सहा महिन्यांनी मोठा, तरी मीही त्याला दादाच म्हणत आलो. मी कविता म्हणायचो आणि तो त्या ठेक्यावर विटा लावायचा. "तुझ्या कवितेत एक गुण आहे, मास्तर," म्हणायचा, "थर सरळ जातो."

काय काय लिहू आणि काय सोडू असं झालंय. स्वयंपाकाचा ओटा घालण्याआधी तो घरच्या बाईला रिकाम्या खोलीत उभं करायचा आणि सांगायचा, "कणीक मळताय असं समजा." ती बिचारी लाजत हवेत हात चालवायची, आणि हा तिच्या कोपराखाली चार बोटं सोडून भिंतीवर पेन्सिलीची रेघ मारायचा. गावात दोन ओटे सारख्या उंचीचे नाहीत. घर पुरं झालं की आपल्या तिन्ही पोरींना नेऊन प्रत्येक खोलीत उड्या मारायला लावायचा. पोरी भिंतीला आपटल्या तर मालकाला म्हणायचा, "खोली लहान झाली, माफ करा." असा माणूस आता होणे नाही.

तू त्याचा सख्खा भाऊ. लहानपणची एखादी आठवण पानभर लिहून पाठव. झालं गेलं सोडून दे. माझा कच्चा लेख सोबत आहे, वाचून बघ.

तुझा,
मास्तर

१९ ऑगस्ट

मास्तर, नमस्कार.

पत्र मिळालं. दादा गेल्याचं वाचून जे वाटायचं ते वाटलं. ते लिहीत नाही.

आठवण मागितलीत, ती देतो. आई गेली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. घरात माणसं जमली होती. दादाने मला खांद्यावर घेतलं आणि गावभर फिरवलं. एकेका घरापुढे थांबायचा आणि विचारायचा, "यातलं कुठलं बांधू तुझ्यासाठी?" मी डॉक्टरांच्या घराकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, "याला जिना अरुंद आहे, दुसरं निवड." हे छापा. खरं आहे.

पाकीट फोडलेलं नव्हतं हे तुमच्याकडून कळलं, बरं झालं. आत एकच ओळ होती. आता येऊ का, एवढीच. चोवीस वर्षं मी समजत होतो, की त्याने वाचलं आणि नको म्हटलं.

तुमचा लेख वाचला. छान आहे. तुम्ही छानच लिहिता. पान चारवर एक वाक्य आहे: "सख्ख्या भावाच्या हलगर्जीपणाने कोसळलेलं छप्परही दादांनी आपल्याच खांद्यांवर तोललं आणि त्याच्याविषयी जन्मात कधी वावगा शब्द काढला नाही." हे एक वाक्य काढा. बाकी दादाला देव म्हणा, ऋषी म्हणा, माझी ना नाही.

मी इकडे फरश्या बसवतो. मुलगाही तेच करतो. स्लॅबच्या कामाला इथे आल्यापासून हात लावला नाही. फरशी कुणाच्या डोक्यावर पडत नाही.

धाकटा

२८ ऑगस्ट

प्रिय धाकट्या,

तुझी आठवण वाचून डोळे भरून आले. शब्दही न बदलता छापतो.

पण त्या वाक्याचं काय करू? थोरलीला लेखातलं तेच सगळ्यात जास्त आवडलंय. वहिनींनी दोनदा वाचून घेतलं. आणि खरं सांगू, मलाही ते साधलंय असं वाटतं. खांद्यावर छप्पर तोलणारा माणूस म्हणजे आपला दादाच की.

तू अजून मनात धरून बसला आहेस, हे वाचून वाईट वाटलं. तो आता राहिला नाही. मेलेल्याशी कसला हट्ट? आणि मी ऐकीव लिहिलेलं नाही. शाळेच्या व्हरांड्याचा स्लॅब टाकला त्या दिवशी मी तिथे होतो. पोरांना अर्धी सुटी होती, मी त्यांना घेऊन बघायला आलो होतो आणि ओल्या सिमेंटसमोर उभा राहून कविता म्हटली होती. दोन फेब्रुवारी. बावीस दिवस खाली टेकू होते, दादाने नियमाने काढले, आणि पंचवीस तारखेला शाळा भरण्याआधीच तो कोसळला. चौकशीला आलेल्या साहेबांनी निष्कर्ष काढला, की स्लॅब पुरता मुरलेला होता, पण कठड्याच्या विटांची चळत तू एकाच कडेला रचलीस. आपल्या शाळेच्या शिपायाचा पाय गेला. शाळा भरलेली असती तर काय झालं असतं, या विचाराने मी आजही दचकतो.

तू साहेबांपुढे म्हणालास, की स्लॅब तेरा तारखेला टाकला आणि अकरा दिवसांतच टेकू काढले. मला तेव्हा तुझी कीव आली होती. भ्यालेला माणूस काहीही बोलतो. मी उभा राहिलो, दोन तारीख सांगितली, कवितेचं सांगितलं. दादा समोर बसून मान डोलावत होता. नंतर तुला चार महिने आत बसावं लागलं, त्या दिवसांत दादा जेवत नव्हता, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. शिपायाला त्याने जन्मभर सांभाळलं, आपल्या गोदामावर राखणीला ठेवलं. असा माणूस खोटं बोलेल?

रागावू नकोस. वयाने मोठा आहे म्हणून लिहिलं.

तुझा,
मास्तर

९ सप्टेंबर

मास्तर,

रागावलो नाही. आश्चर्य वाटलं. एकतीस वर्षं मी समजत होतो, की तुम्ही मित्रासाठी जाणूनबुजून खोटं बोललात. तुमचं पत्र तीनदा वाचलं. तुम्हाला ते खरंच वाटतंय.

तर मग ऐका. दादाकडे टेकूच्या फळ्या आणि बल्ल्यांचा एकच संच होता. डॉक्टरांच्या नव्या बंगल्याचा स्लॅब अडला होता आणि डॉक्टर रोज माणूस पाठवत होते. चोवीस तारखेला दादा म्हणाला, काढ टेकू. मी म्हटलं, अकरा दिवस झालेत. तो म्हणाला, "मिस्त्री तू की मी?" मी काढले. ही माझी चूक, ती मी साहेबांपुढेही सांगितली. विटा वर होत्या, पण स्लॅब पुरा मुरलेला असता तर त्याला त्या भारी नव्हत्या.

दोन तारखेला त्या व्हरांड्याच्या भिंतीही माथ्यापर्यंत गेल्या नव्हत्या. पण गवंड्याचं कोण ऐकतो. साहेब म्हणाले, "मास्तर कशाला खोटं बोलतील?"

तुमची कविता मला पाठ आहे.

छप्पर नव्हे हे, आभाळ अमुचे, हातांनी टाकियले;
पोरांनो, या, सावलीत या, उन्हास मी हाकियले.

म्हणून झाल्यावर तुम्ही वर माझ्याकडे बघून म्हणालात, "ताजी आहे रे, परवा सकाळी शाळेत येताना सुचली." तुम्ही प्रत्येक कवितेखाली तारीख घालता. सगळं गाव त्यावरून तुमची थट्टा करायचं. वही काढा आणि पाहा. अकरा फेब्रुवारी नसेल, तर ते वाक्य खुशाल ठेवा, मी पुन्हा पत्र लिहिणार नाही.

धाकटा

२० ऑक्टोबर

धाकट्या,

उत्तराला सहा आठवडे लागले. वही काढायचं धाडस होत नव्हतं. रोज कपाटापर्यंत जायचो आणि चष्मा पुसून परत यायचो.

अकरा फेब्रुवारी. सकाळ. शाळेच्या वाटेवर. माझंच अक्षर आहे.

नऊ दिवसांनी सुचायची कविता मी दोन तारखेला म्हटली, असं मी साहेबांपुढे शपथेवर सांगितलं. चौकशीच्या आदल्या संध्याकाळी दादा माझ्या ओसरीवर आला होता, ते आता लख्ख आठवतं. म्हणाला, "मास्तर, तू ती आभाळाची कविता म्हटलीस ना, तो दिवस दोन तारीख. पोरांना अर्धी सुटी होती बघ. काय म्हटली होतीस तू." थट्टा सोडून त्याने माझ्या एखाद्या कवितेचं मनापासून कौतुक केलं ते आयुष्यात त्या एकाच दिवशी. त्याला माझी कविता लक्षात आहे, याचंच मला एवढं अप्रूप वाटलं, की तारीख मी न बघता गिळली. दोन तारखेला अर्धी सुटी खरंच होती. तेरा तारखेलाही होती. कुठली गोष्ट कुठे जोडली की मी मान डोलावेन, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? माझ्याशेजारी बाकावर बसला होता तो.

मग शिपायाकडे गेलो. गोदामाच्या दारात कुबडी उशाशी घेऊन बसला होता. मी विचारलं, "तो स्लॅब कधी टाकला होता रे?" तो हसला. "आता कशाला विचारताय मास्तर? तेराला. बल्ल्या गाडीत भरायला मीच हात लावला होता."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"तुम्ही बोलून बसला होतात की. तुमच्यापुढे मी काय बोलणार? आणि दादा दर पंधरा दिवसांनी इथे यायचे, माझ्या मांडीला आपल्या हाताने तेल चोळायचे. एक शब्द बोलायचे नाहीत. अशा माणसाला कुणी खोटं पाडतं का?" मग म्हणाला, "आम्हाला सगळ्यांना वाटायचं, तुम्ही ठरवूनच बोललात. दोस्तासाठी. लोक मानायचे तुम्हाला त्यासाठी."

धाकट्या, मी रस्त्याने जायचो तर माणसं ओट्यावरून उठून उभी राहायची. मला वाटायचं, मी त्यांच्या पोरांना कविता शिकवल्या म्हणून.

वहिनींना विचारलं. त्या भाजी निवडत बसल्या होत्या, हात थांबला नाही. म्हणाल्या, "भावजी, तीन पोरी होत्या पदरात. धाकट्या भावजींना कुणी नव्हतं. माणूस दोन्ही हात तर कापून देत नाही ना." मग म्हणाल्या, "तुम्ही लिहिता छान, तेवढं लिहा."

लेखातून ते वाक्य काढलंय. त्या जागी खरी तारीख घातली आहे, आणि साक्ष माझी होती हेही. थोरलीकडे नवं पान दिलं. "बदलते काका," म्हणाली. मी काय मागू तुझ्याकडे? माफ करशील का, एवढं विचारायचीसुद्धा लाज वाटते. तरी विचारतो.

मास्तर

२ नोव्हेंबर

ती. काका,

सा. न.

समक्ष येणार होते, पण कार्यक्रमाची धावपळ आहे. स्मरणिकेचं पान चार तुमचं नवं पान येण्याआधीच छापून झालं होतं, त्यामुळे आता बदल शक्य नाही. समितीलाही असंच वाटतं, की पहिला मजकूर जास्त चांगला होता. तुमच्या नावाला शोभेल असा होता.

काका, बाबा आता उत्तर द्यायला नाहीत. आई रात्रंदिवस देवाला हात जोडून बसलेली असते. तुम्हीच आम्हाला शाळेत शिकवलंत ना, शब्द उच्चारण्याआधी दोनदा तोलावा. एवढीच विनंती आहे. लेख वाचायला नक्की यावं. तुमची खुर्ची पहिल्या ओळीत ठेवली आहे. गाडी पाठवते.

तुमची,
थोरली

१८ नोव्हेंबर

धाकट्या,

थोरलीने कळवलं, पान चार आधीच छापून झालंय. छापखाना माझ्या विद्यार्थ्याचा आहे, त्याला विचारलं. पान चार माझं नवं पान आल्यानंतर आठ दिवसांनी छापलं. ज्या पोरीला मी बोट धरून अक्षरं गिरवायला शिकवली, तिने.

कार्यक्रमाला गेलो. गाडी आली होती, पायी गेलो. सभागृह भरलेलं. दादाचा मोठा फोटो, त्यात तो नेहमीसारखा हसतोय, कानावर पेन्सिल. मी त्या फोटोकडे पाहिलं आणि धाकट्या, तुला पटणार नाही, मला त्याची फार आठवण आली. त्याच्यावर रागवावं म्हटलं तर तो उठून भांडायला हवा होता.

लेख वाचायला उभा राहिलो. तीन पानं वाचली. ओट्याच्या उंचीवर लोक हसले, पोरींच्या उड्यांवर बायकांनी डोळे पुसले. दादाच्या खांद्यावरच्या तुझ्या फेरीला मागचे लोक पुढे सरकून ऐकू लागले. चौथं पान आलं तेव्हा मी स्मरणिका मिटली आणि म्हटलं, "पुढचं वाक्य खोटं आहे. ते मीच लिहिलंय. स्लॅब तेरा तारखेला टाकला होता. धाकटा खरं बोलत होता, आणि खोटी साक्ष माझी होती." एकही उपमा दिली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच.

आरडाओरडा होईल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. समितीचे अध्यक्ष उठले, प्रेमाने माझा दंड धरला आणि ध्वनिक्षेपकात म्हणाले, "मास्तरांचं वय झालंय. मित्राच्या जाण्याचा धक्का मोठा आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या, माझ्यासाठी. एकाने पाणी आणून दिलं. मी चुकीची तारीख सांगितली तेव्हा माझ्या स्मरणशक्तीवर सरकारचा विश्वास होता. बरोबर सांगितली तर म्हणे धक्का. शिपाई तिसऱ्या ओळीत बसला होता. त्याने खाली पाहिलं.

वीस वर्षं मी रोज चार वाजता वहिनींकडे चहाला जात होतो. दुसऱ्या दिवशीही गेलो, पाय आपोआप वळले. त्या दारातच म्हणाल्या, "चहा झालाय भावजी." आतून स्टोचा आवाज येत होता.

मग मी तालुक्याच्या कचेरीत गेलो. साध्या भाषेत दोन पानांचं निवेदन लिहून दिलं: माझी तेव्हाची साक्ष चुकीची, खरी तारीख ही, पुरावा म्हणून वहीतलं पान. तिथला कारकून तरुण होता. म्हणाला, "आजोबा, इतक्या जुन्या प्रकरणाचं काय करायचं? संबंधित व्यक्ती मयत आहे ना?" मी म्हटलं, "एक मयत आहे. एक आहे." त्याने शिक्का मारला. म्हणाला, दप्तरी दाखल होईल, पुढे काही होणार नाही.

शिक्क्याची प्रत सोबत पाठवतोय. ती तुझी आहे. तिचं काय करायचं ते तू ठरव.

मास्तर

५ डिसेंबर

मास्तर, नमस्कार.

प्रत मिळाली. मुलाला आणि सुनेला समोर बसवून वाचून दाखवली. मुलाला आजवर एवढंच माहीत होतं, की बापाला गाव नाही आणि विचारलेलं आवडत नाही. त्याने शिक्का बोटाने चाचपून पाहिला. म्हणाला, "तुम्ही आत होतात?" मी म्हटलं, होतो. बाकीचं त्याने हळूहळू विचारलं. दोन दिवस लागले. आता घरात कुणाला काही लपवायचं राहिलं नाही, हे तुमच्यामुळे झालं. ते मी मान्य करतो.

दादाबद्दल तुम्ही लिहिलंत, ते समजलं. माझंही तसंच आहे. तो खांद्यावर घेऊन फिरला, तेही खरं आणि हेही खरं. मला ते अजून एकत्र बसवता येत नाही.

तुम्ही विचारलंत, माफ करशील का. वहीचं वाचल्यापासून मी विचार करतोय. तुम्हाला फसवलं, हे मला पटलं. दादाने तुम्हाला कुठे धरायचं ते बरोबर हेरलं. पण मास्तर, त्या दिवशी साहेबांच्या खोलीत आपण दोघं समोरासमोर होतो. मी तेरा तारीख म्हणालो आणि तुमच्याकडे पाहत राहिलो. मला खात्री होती. हे मास्तर आहेत, यांनी मला पहिली ओळ लिहायला शिकवली, माझा चेहरा पाहून यांना कळेल मी खोटं बोलतोय की नाही. तुम्ही दादाकडे बघून बोललात. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीत. त्यासाठी वही लागत नव्हती.

सून चांगली आहे. ती म्हणाली, "बाबा, म्हातारा माणूस आहे, एकटा पडला असेल. चार दिवस बोलवायचं का आपल्याकडे?" मी तिला म्हटलं, नको. पत्राचं उत्तर तेवढं देतो.

तब्येतीला जपा.

धाकटा